खेरमाईचा डावा हात

जबलपूर, ता. ११ फेब्रुवारी १९७३

चि. श्रीरंग यास अनेक आशीर्वाद.

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे : तुझ्या आईने बोललेला नवस तुझ्यावर शिल्लक नाही. ती सिद्ध झाल्यावर तू दोन्ही वेळा जेवू लागावेस, एवढीच माझी अपेक्षा आहे.

नागपूरहून तुझ्या बहिणीचे, शैलजाचे, पत्र परवा आले. तू डिसेंबरपासून दिवसातून एकदाच जेवतोस, आईचे अपुरे राहिलेले आपण पुरे करणार असे म्हणतोस, आणि तुझ्या साहेबांनी तुला दोनदा डॉक्टरकडे पाठवले, असे ती लिहिते. आईचा तेरावा आटोपून निघताना तू मला नमस्कार केला नाहीस. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. परंतु दारातून तू जे विचारलेस ते माझ्या लक्षात आहे : "बाबा, एका चिठ्ठीनं काय बिघडून राहिलं होतं तुमचं?" रिक्षा उभी होती आणि अर्धे उत्तर देण्याची मला सवय नाही, म्हणून मी गप्प राहिलो. आता पूर्ण देतो.

प्रथम वस्तुस्थिती. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली तेव्हा तू पठाणकोटच्या पुढे फौजेच्या गाड्या दुरुस्त करत होतास. इथे खिडक्यांना काळे कागद लागले होते आणि आळीतले पुरुष कारखान्यांतून बारा-बारा तासांच्या पाळ्या करून येत होते. ता. ७ ला, मंगळवारी, तुझी आई शेजारच्या बायकांबरोबर पाटनच्या रस्त्यावरील खेरमाईला गेली. चिंचेखाली उघड्यावर शेंदराने माखलेली ती मूर्ती तूही पाहिली आहेस. तिथे ती बोलली : लेक सुखरूप परत आला की त्याला समोर उभा करून माझ्या हाताने तुझी ओटी भरीन, तोवर एकवेळ जेवीन. घरी आल्यावर तिने हेच शब्द मला सांगितले. मी ते त्याच दिवशी रोजनिशीत उतरवले, म्हणून त्यांत फरक असण्याचा संभव नाही.

पुढच्या महिन्यात ती जमीन कारखान्याच्या नव्या वसाहतीसाठी घेतली गेली. मूर्ती कलचुरी काळातली, तेव्हा ती शहरातल्या संग्रहालयात ठेवावी असे ठरले. गावकरी अडून बसले. अधिकाऱ्यांना शास्त्र जाणणाऱ्या कोणाचे तरी लेखी मत हवे होते, आणि चौतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेला व त्याआधी पाठशाळेत न्याय शिकलेला मनुष्य म्हणून ते माझ्याकडे आले. त्यांच्याबरोबर ओव्हरसियरचा अहवाल होता : "डावा हात कोपरापासून नाही." मी दीड पानात मत दिले. मुख्य अवयव भंगलेली मूर्ती पूजेस अपात्र. ही मूर्ती तशी आहे. म्हणून हिच्या ठायी देवत्व उरलेले नाही, आणि ती हलवण्यात कोणताही दोष नाही.

तुझी आई दारातून ऐकत होती. अधिकारी गेल्यावर म्हणाली, "श्रीरंग येईपर्यंत थांबा म्हणा ना त्यांना. ओटी भरून घेऊ द्या, मग न्या म्हणा." मी तिला सांगितले की प्रश्न मूर्तीच्या स्थितीचा आहे, श्रीरंगच्या रजेचा नाही.

मार्चमध्ये तू आलास तेव्हा मूर्ती संग्रहालयाच्या गोदामात होती. जूनमध्ये ती दालनात मांडली गेली. दालनात फूल, कुंकू, नारळ काहीही अर्पण करण्यास मनाई आहे. व्यवस्थापक विनय हा माझा विद्यार्थी. तो तुझ्या आईला म्हणाला, "सरांची एक ओळ आणा, मी बंदच्या दिवशी दार उघडून देतो." ती ओळ मी दिली नाही. ज्या हाताने "देवत्व नाही" असे लिहिले त्याच हाताने "ओटी भरू द्यावी" असे लिहिणे म्हणजे दोहोंपैकी एक विधान खोटे ठरवणे. माझ्या मताच्या विरुद्ध एकही पुरावा तेव्हा किंवा नंतर माझ्यापुढे आला नव्हता. मग मी ते का बदलावे?

आता मुद्दा. नवस देवतेला बोलला जातो. जिथे देवता नाही तिथे तो ऐकणारे कोणी नाही, आणि ऐकणाऱ्यावाचून कोणी कशाने बांधले जात नाही. तुझी आई बांधलेली नव्हती. तिने स्वतःला बांधलेले मानले, इतकेच. ऑक्टोबरात तिला ताप येऊ लागला तेव्हा आजारी माणसाला व्रत सुटते, असे मी तिला ग्रंथ उघडून दाखवले. तिने हात जोडले, "तुमचं बरोबर आहे" म्हणाली, आणि जेवली नाही. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिला आहे.

जी बांधलेलीच नव्हती तिच्याकडून तुझ्याकडे काहीही येऊ शकत नाही. जेव आणि कळव.

वि. के. पांढरीपांडे

*

जबलपूर, ता. २७ फेब्रुवारी १९७३

चि. श्रीरंग यास आशीर्वाद.

तुझे कार्ड मिळाले. चार पानांच्या पत्राला तू एका ओळीने उत्तर दिलेस : "बाबा, तुम्ही मूर्ती पाहिली आहे का?"

या प्रश्नाने माझ्या म्हणण्याला बाध येत नाही. धूर पाहून अग्नी मानणारा प्रत्येक वेळी डोंगर चढून जात नाही. विश्वासू माणसाचे वाक्य हे ज्ञानाचे साधन आहे, आणि अहवाल लिहिणाऱ्याला खोटे लिहिण्याचे काही कारण नव्हते. चिंचेखाली मी कधी गेलो नाही, हे खरे. शेंदूर लावलेल्या दगडांपाशी थांबण्याची माझी प्रवृत्ती नाही. संग्रहालयातही गेलो नाही, कारण तिथे मला काही काम नव्हते.

तरीही तुझी शंका शिल्लक राहिली तर तू जेवणार नाहीस, हे मला दिसते. म्हणून येत्या मंगळवारी मी जाईन, भंगलेला हात डोळ्यांनी पाहीन आणि तुला लिहीन. त्यानंतर हा विषय संपला असे समजावे. तुझ्या वजनाचा आकडा कळव. शैलजाने तो लिहिलेला नाही, आणि तो तिला ठाऊक असावा असा माझा तर्क आहे.

वि. के. पांढरीपांडे

*

जबलपूर, ता. ७ मार्च १९७३

चि. श्रीरंग यास आशीर्वाद.

काल गेलो. जे घडले ते क्रमाने लिहितो. क्रम सोडला तर मला लिहिता येणार नाही.

फाटकावर अंबादास नावाचा चौकीदार आहे. मूळचा वर्धेकडचा, वीस वर्षे इथे. नाव सांगितल्याबरोबर तो स्टुलावरून उठला.

"तुम्हीच का ते पंडितजी? माताजी सांगत तुमचं. म्हणे, आमच्या घरात कोर्ट आहे भैया, पण अपील नाही."

आणि हसला. मग ती आता नाही हे त्याच्या लक्षात आले असावे. त्याने टोपी काढली. तुझी आई परक्या माणसाशी असे बोलत असे, याची मला कल्पना नव्हती.

दालन लांब आणि थंड आहे. फिनेलचा वास येतो. दोन्ही भिंतींना लागून देव उभे आहेत : शिवपार्वती, वराह, ध्यानस्थ तीर्थंकर, प्राण्यांच्या तोंडाच्या योगिनी. प्रत्येकाच्या पायाशी क्रमांक. कोणाला नाक नाही, कोणाला दोन्ही बाहू नाहीत, एका नंदीचे शिर वेगळे ठेवले आहे. शाळेच्या मुली रांगेने चालल्या होत्या आणि बिनडोक्याच्या विष्णूपुढे एक दुसरीला म्हणत होती, "यह तो हमारे गणितवाले सर हैं." मला त्या दालनात बरे वाटले, हे नमूद करतो. इतकी भग्नता एकत्र पाहून मी मनाशी म्हटले की माझ्या दीड पानाला दृष्टान्तांची वाण पडणार नाही.

ती शेवटच्या खिडकीपाशी आहे. उभ्या माणसाच्या कमरेइतकी उंच. शेंदूर काढून टाकलेला, खाली तांबूस वालुकाश्म. समोरून पाहिले तर उजवा हात मांडीवर आणि डावा कोपरापाशी संपलेला. मी वही उघडली आणि वेळ लिहिली : ११ वाजून २० मिनिटे.

मागून अंबादास म्हणाला, "तिथून नाही दिसत, पंडितजी. इकडून या, डाव्या बाजूनं. अन् थोडं वाका."

माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. वाकलो. कोपराखालचा हात तुटलेला नाही. तो मागे वळलेला आहे. तिच्या मांडीला बिलगून, अर्धे तिच्या पाठीआड, एक मूल उभे आहे, आणि तो हात त्याच्या डोक्यावर आहे. पाच बोटे आहेत. अंगठा मुलाच्या कानामागे आहे. शेंदराच्या थराखाली मूल आणि हात मिळून एक ढेकूळ झाले असणार आणि ओव्हरसियरने ते ढेकूळ पाहून जे लिहायचे ते लिहिले. कुठेही चीर नाही. मी भिंग नेले होते. त्यातूनही नाही.

"साबूत आहे ना एकदम?" अंबादास म्हणाला. "पहिले माताजींनीच पाहिला. रंग काढून झाल्यावर साहेबलोक आले, फोटो काढले, कोणाले काही दिसलं नाही. ह्या उंचीनं लहान ना, इथं खिडकीपाशी टेकल्या अन् म्हणे, अच्छा, लेकरू धरून बसली होती का वं तू! मग मी विनयसाहेबाले बोलावलं. त्यांनी रजिस्टरात लाल शाईनं सुधारलं."

मी विचारले, त्या किती वेळा येत असत.

"दर मंगळवारी. मी म्हणलं, माताजी, काहून येऊन राहिल्या एवढ्या उन्हाच्या? चढवणं तर मना आहे. तर म्हणे, मी काही चढवत नाही भैया, नुसती उभी राहते. थैलीत नारळ असे, खण असे, तांदूळ असत. आणत, अन् तसेच परत नेत. थैली आत नेणं मना आहे, पण मी नाही अडवलं. नारळच तर आहे. बम थोडीच आहे?"

मग तो म्हणाला, "मी म्हणलं होतं, पंडितजींले सांगा ना हाताचं. तर म्हणे, सांगितलं भैया. त्यांना वेळ नाही मिळून राहिला."

हे वाक्य मी ऐकले तसे लिहिले आहे. त्यावर आज काही लिहीत नाही.

परिणाम तू काढलाच असशील, तरी मी काढतो, कारण तो काढण्याचे काम माझे आहे. मूर्ती अखंड. म्हणून पूजेस पात्र. म्हणून, माझ्याच नियमाने, ता. ७ डिसेंबरला तुझ्या आईचे ऐकणारे कोणीतरी चिंचेखाली होते. म्हणून नवस खरा, आणि तो फिटलेला नाही. तुला सोडवण्यासाठी मी जी साखळी जुळवली तिचा एक दुवा उलटला, आणि आता तीच साखळी तुला बांधते. तू नुसत्या श्रद्धेने उपाशी होतास. मी तुझ्या उपासाला आधार मिळवून दिला.

दुपारी परतलो. ताट वाढून ठेवलेले होते. स्वयंपाकाच्या बाईंनी दोनदा विचारले.

वि. के. पांढरीपांडे

*

जबलपूर, ता. २ एप्रिल १९७३

चि. श्रीरंग यास आशीर्वाद.

तुझे उत्तर नाही. शैलजा लिहिते की तुला इस्पितळात ठेवले आहे, सलाईन लावले होते, आणि शुद्धीवर येताच तू संध्याकाळचे दूध परत केलेस. हे पत्र नर्सकडून वाचून घे. तुझ्या डोळ्यांना ताण नको.

गेल्या तीन आठवड्यांत मी काय केले ते सांगतो.

विनयकडे गेलो. त्याच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली : "ओटी भरण्यास माझी हरकत नाही." त्याने ती वाचली, परत वाचली आणि म्हणाला, "सर, आता कोणासाठी?" मी म्हटले, शैलजा सवाष्ण आहे, तिला बोलावतो, आईच्या वतीने ती भरेल. तो म्हणाला, "बोलावा. दार मी उघडतो." तो मला रिक्षापर्यंत पोचवायला आला.

शैलजाचे उत्तर जसेच्या तसे देतो : "बाबा, आई बोलली होती 'माझ्या हाताने'. माझ्या हाताने नाही. तुम्हीच ते शब्द डायरीत लिहून ठेवले ना? आणि ज्याला समोर उभं करायचं तो इस्पितळात पडून आहे. तुमचं मन हलकं व्हावं म्हणून मी देवीपुढे खोटी उभी नाही राहणार." तिचे म्हणणे बरोबर आहे. मी तपासले.

मग मी नवा युक्तिवाद मांडायला घेतला : नवस बोलणाऱ्याबरोबर संपतो, तो पुत्राकडे जात नाही. आधार सापडले. तीन पाने झाली, आणि ती उत्तम होती. चौथ्या पानावर मी सहज उलट बाजू मांडून पाहिली, तिलाही आधार सापडले, आणि तीही उत्तम झाली. दोन्ही फाडली. माझ्या हातून काहीही सिद्ध होऊ शकते, हे मला बहात्तराव्या वर्षी कळले. अशा माणसाने "सिद्ध झाले, आता जेव" असे म्हटल्यावर कोणी का जेवावे?

म्हणून हे पत्र युक्तिवाद नाही. माझ्या पहिल्या पत्रात एक विधान खोटे आहे, ते सांगण्यासाठी हे लिहितो. ते असे : "माझ्या मताच्या विरुद्ध एकही पुरावा तेव्हा किंवा नंतर माझ्यापुढे आला नव्हता."

जूनचा दुसरा मंगळवार होता. तुझी आई संग्रहालयातून आली ती चपला न काढताच माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. एरवी ती कधी तसे करत नसे. धाप लागली होती. चेहरा उन्हाने लाल झाला होता.

"अहो, हात आहे तिला. लेकराच्या डोक्यावर आहे. मी बोटं मोजली."

मी मान वर न करता म्हणालो की शेंदूर काढताना एखादा थर राहिला असेल.

"थर नाही हो. पाचही बोटं आहेत. तुम्ही चला ना एकदा माझ्यासंग. रिक्षानं जाऊ, पायी नाही म्हणत मी."

मी म्हटले, "सरकारी अहवालापेक्षा तुझे डोळे मोठे का?"

ती रागावली नाही. "चलो, ठीक आहे," म्हणाली आणि माझ्यासाठी संध्याकाळची भाजी चिरायला गेली. स्वतः ती खाणार नव्हती.

त्यानंतर तिने आणखी चार वेळा विचारले. शेवटचे नोव्हेंबरात, अंथरुणातून. तेव्हा ती मूर्तीविषयी बोलली नाही. "तुम्ही एकटे जाऊन या," एवढेच म्हणाली. मी तिला औषध दिले आणि विश्रांती घे म्हटले. मला वेळ नव्हता असे तिने चौकीदाराला सांगितले. निवृत्त होऊन मला बारा वर्षे झाली आहेत, श्रीरंग. मला वेळेखेरीज काही नव्हते.

तिचे म्हणणे खोटे आहे असे मला वाटत होते का, हे मी स्वतःला विचारले. प्रामाणिक उत्तर : नाही. पाच बोटे मोजली म्हणणारी बाई खोटे बोलत नसते, आणि ती तर आयुष्यात कधी बोलली नाही. ते खरे असेल, अशी मला भीती होती. पाहिले असते तर दीड पान मागे घ्यावे लागले असते, विनयपुढे, अधिकाऱ्यांपुढे, त्या गावकऱ्यांपुढे. मी दीड पान राखले.

तुला "जेव" म्हणण्याचा अधिकार मला उरलेला नाही, हे जाणतो. माझ्याकडून तुला देण्यासारखे जे एक उरले आहे ते खाली लिहून देतो. तू ते मानावेस अशी अट नाही. ते उशीखाली ठेव किंवा फाडून टाक. क्षमा मागत नाही, कारण जिने ती द्यायची ती नाही, आणि तिच्या वतीने तू देऊ नयेस.

कबुली

मी, विष्णु केशव पांढरीपांडे, राहणार जबलपूर, पूर्ण शुद्धीत लिहून देतो की, खेरमाईच्या मूर्तीचा डावा हात शाबूत आहे, असे माझी पत्नी सत्यवती हिने मला जून १९७२ मध्ये सांगितले आणि नोव्हेंबरपर्यंत पाच वेळा जाऊन पाहण्यास विनवले. तिचे म्हणणे खरे होते. आमच्या दारापासून संग्रहालयाचे फाटक पायी वीस मिनिटांवर आहे. मी गेलो नाही. ही माझी चूक.

विष्णु केशव पांढरीपांडे